लँटर्न (लष्करी विमान प्रणाली)

लँटर्न ही लढाऊ विमानांना रात्रीच्या अंधारात कमी उंचीवरून उडता यावे आणि जमिनीवरील लक्ष्याचा अचूक वेध घेता यावा, या हेतूने अमेरिकेत विकसित करण्यात आलेली अवरक्त संवेदक प्रणाली आहे. विमानाच्या पोटाखाली टांगलेल्या दोन स्वतंत्र नळकांड्यांमध्ये ती बसविलेली असते. अशा नळकांड्याला 'पॉड' म्हणतात. एक पॉड दिशादर्शनाचे काम करतो, तर दुसरा लक्ष्य शोधून त्यावर लेसर किरण रोखून धरतो. मार्टिन मॅरिएटा या कंपनीने (१९९५ पासून लॉकहीड मार्टिन) ही प्रणाली तयार केली. एफ-१५ई, एफ-१६ आणि पुढे एफ-१४ या विमानांवर ती वापरली गेली. १९९१ च्या आखाती युद्धात तिचा प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला.

लँटर्न आणि तिच्यासारख्या प्रणालींमुळे हवाई युद्धातील रात्रीचे संरक्षण बहुतांशी नाहीसे झाले. मात्र, अवरक्त संवेदक वस्तूची उष्णता दाखवतो. ती वस्तू शत्रूची आहे, मित्राची आहे की नागरिकांची, हे दाखवत नाही. दिसणे आणि ओळखणे यांमधील हे अंतर प्रणालीच्या आखणीपासून तिच्या प्रत्यक्ष वापरापर्यंत कायम राहिले.

नाव

'कमी उंचीवरील रात्रकालीन दिशादर्शन व लक्ष्यवेधासाठी अवरक्त प्रणाली' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव बनविले आहे. त्याचा उच्चार कंदील या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा होतो. प्रत्यक्षात कंदिलाचे आणि या प्रणालीतील अवरक्त संवेदकांचे कार्य परस्परविरुद्ध आहे. कंदील स्वतः प्रकाश टाकून वस्तू दाखवतो, तर अवरक्त संवेदक स्वतः काहीही बाहेर न टाकता वस्तूने टाकलेले प्रारण टिपतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात रात्रीचे बॉम्बहल्ले मोठ्या प्रमाणावर झाले. तथापि ते प्रामुख्याने शहरे व कारखान्यांसारख्या विस्तीर्ण लक्ष्यांवर होते. एखादा पूल, रणगाडा किंवा मालमोटार रात्री हेरून नष्ट करणे जवळजवळ अशक्य होते. व्हिएतनाम युद्धात ही उणीव ठळकपणे जाणवली. उत्तर व्हिएतनाममधून दक्षिणेकडे जाणाऱ्या हो चि मिन्ह मार्गावरील रसद मुख्यतः रात्री हलविली जात असे. ती रोखण्यासाठी अमेरिकेने एसी-१३० या तोफधारी विमानांवर अवरक्त संवेदक बसविले. ही विमाने मोठी व संथ होती; त्यामुळे जेथे विमानविरोधी संरक्षण भक्कम असेल, तेथे त्यांचा निभाव लागणे कठीण होते.

त्यानंतर एफ-१११एफ या दोन आसनी विमानासाठी 'पेव्ह टॅक' हा अवरक्त व लेसर पॉड तयार झाला. एप्रिल १९८६ मध्ये लिबियावर रात्री केलेल्या हल्ल्यात तो वापरण्यात आला. सर्व यंत्रणा सुरळीत चालू असल्याशिवाय आणि लक्ष्याची खात्री पटल्याशिवाय बॉम्ब टाकू नयेत, असे आदेश त्या वेळी वैमानिकांना होते. त्यामुळे काही विमाने बॉम्ब न टाकताच परतली. तरीही काही बॉम्ब त्रिपोली शहरातील नागरी वस्तीत, फ्रान्सच्या दूतावासाजवळ पडले.

लँटर्नची कल्पना यापूर्वीच आकाराला आली होती. मध्य युरोपात सोव्हिएत रणगाड्यांच्या संभाव्य आक्रमणाला तोंड द्यावे लागेल, असे नाटो राष्ट्रांचे गृहीतक होते. तेथील हिवाळ्यातील दीर्घ रात्री आणि खाली उतरलेले ढग लक्षात घेता, ढगांच्या खालून, जमिनीलगत, अंधारात उडणारे विमान हवे होते. शिवाय ही क्षमता केवळ मोठ्या दोन आसनी विमानांपुरती न ठेवता एफ-१६ सारख्या लहान, एक आसनी विमानालाही द्यावयाची होती.

कार्याचे तत्त्व

निरपेक्ष शून्यापेक्षा अधिक तापमान असलेली प्रत्येक वस्तू विद्युतचुंबकीय प्रारण बाहेर टाकते. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या वस्तूचे सर्वाधिक प्रारण १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे असते. मानवी डोळ्याला साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर एवढाच पट्टा दिसतो. त्यामुळे हे प्रारण डोळ्याला दिसत नाही. वातावरणातील पाण्याची वाफ व कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) अवरक्त प्रारणाचा बराच भाग शोषून घेतात. मात्र ३ ते ५ आणि ८ ते १२ मायक्रोमीटर या दोन पट्ट्यांतील प्रारण हवेतून बऱ्याच अंशी पार होते. या पट्ट्यांना 'वातावरणीय गवाक्षे' म्हणतात. लँटर्नचे संवेदक यांपैकी ८ ते १२ मायक्रोमीटरच्या गवाक्षात काम करतात.

साधी काच या तरंगलांबीला अपारदर्शक असते. म्हणून अशा संवेदकांची भिंगे व खिडक्या जर्मेनियमसारख्या पदार्थांच्या करतात. प्रारण टिपणारा अभिज्ञातक स्वतः उबदार असेल, तर त्याच्याच उष्णतेत समोरचे क्षीण प्रारण बुडून जाते. त्यासाठी अभिज्ञातक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाएवढा, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास, थंड ठेवावा लागतो. त्या काळच्या संवेदकांत अभिज्ञातकांची संख्या मर्यादित असे. हलत्या आरशाच्या साहाय्याने समोरचे दृश्य त्यांच्यावरून ओळीओळीने फिरवले जाई आणि त्यातून चित्र उभे राही. या चित्रात रंग नसतात. उष्ण व थंड भागांतील फरक काळ्या-पांढऱ्या छटांनी दाखवला जातो. उष्ण वस्तू पांढरी दाखवायची की काळी, हे वैमानिकाला निवडता येते.

रात्रदर्शी चष्म्याहून हे तत्त्व निराळे आहे. रात्रदर्शी चष्मा चांदण्याचा किंवा ताऱ्यांचा अत्यल्प प्रकाश हजारो पटींनी वाढवून दाखवतो. त्याला थोडा तरी प्रकाश लागतो. उष्णतेवर चालणाऱ्या अवरक्त संवेदकाला अमावास्या आणि पौर्णिमा सारखीच असते.

रचना

दिशादर्शन पॉडचा संकेतांक एएन/एएक्यू-१३ असा आहे. त्याची लांबी सुमारे २ मीटर, तर व्यास सुमारे ३० सेंटिमीटर असतो. त्यात पुढे रोखलेला एक अवरक्त कॅमेरा आणि भूरचनेचा मागोवा घेणारे रडार असते. कॅमेऱ्याचे चित्र वैमानिकाच्या डोळ्यांसमोरील पारदर्शक पटलावर उमटते. ते बाहेरच्या दृश्यावर नेमके बसवलेले असल्यामुळे जणू अंधारात एक खिडकी उघडल्यासारखे वैमानिकाला समोरचे डोंगर, रस्ते व नद्या दिसतात. रडार पुढच्या जमिनीचा चढउतार मोजते आणि ठरवून दिलेली उंची राखण्यासाठी विमान केव्हा वर घ्यावे व केव्हा खाली आणावे, हे सुचवते.

लक्ष्यवेध पॉडचा संकेतांक एएन/एएक्यू-१४ असा आहे. तो सुमारे अडीच मीटर लांब, ३८ सेंटिमीटर व्यासाचा आणि दिशादर्शन पॉडपेक्षा जड असतो. त्याचे तोंड फिरते असून विमान वळले तरी संवेदक लक्ष्यावर स्थिर राहतो. अवरक्त कॅमेऱ्याला रुंद आणि अरुंद अशी दोन दृष्टिक्षेत्रे आहेत. रुंद क्षेत्राने परिसर धुंडाळायचा आणि अरुंद क्षेत्राने लक्ष्य मोठे करून पाहायचे, अशी कार्यपद्धती असते. याच पॉडमध्ये लेसर बसवलेला असतो. लक्ष्यावर पडून परावर्तित होणाऱ्या लेसर स्पंदांवरून अंतर मोजता येते. तसेच ठराविक सांकेतिक क्रमाने पाठवलेले स्पंद लेसर-मार्गदर्शित बॉम्बला लक्ष्य दाखवतात. बॉम्बच्या नाकातील संवेदक तोच सांकेतिक क्रम ओळखून त्या ठिपक्याकडे वळतो. बॉम्ब पडण्याच्या अखेरच्या काही सेकंदांत ठिपका लक्ष्यावर टिकणे आवश्यक असते. मॅव्हरिक या क्षेपणास्त्राला लक्ष्य हस्तांतरित करण्याची सोयही या पॉडमध्ये आहे.

विकास

विकासाचे काम सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाले. दिशादर्शन पॉडच्या चाचण्या डिसेंबर १९८४ मध्ये पूर्ण झाल्या. लक्ष्यवेध पॉड अधिक गुंतागुंतीचा असल्याने त्याला जास्त वेळ लागला. एप्रिल १९८६ मधील चाचण्यांनी रात्री कमी उंचीवरून अचूक हल्ला करणे शक्य असल्याचे दाखवून दिल्यावर त्याचे मर्यादित उत्पादन सुरू झाले. उत्पादित पॉडची पहिली खेप अमेरिकी हवाई दलाला ३१ मार्च १९८७ रोजी मिळाली.

मूळ योजनेत लक्ष्य आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचाही समावेश होता. संवेदकाच्या चित्रातील रणगाडे संगणकाने स्वतः वेगळे काढावेत आणि वैमानिकाला एकाच फेरीत अनेक क्षेपणास्त्रे सोडता यावीत, अशी अपेक्षा होती. रणगाड्याची उष्णतेची आकृती मात्र नेहमी सारखी नसते. इंजिन चालू आहे की बंद, ऊन होते की पाऊस, रणगाडा समोरून दिसतो की बाजूने, यांवर ती बदलते. त्या काळच्या संगणकांना हे काम पेलले नाही आणि ही यंत्रणा बाजूला ठेवावी लागली. त्यामुळे लक्ष्य ओळखण्याची जबाबदारी विमानातील माणसावरच राहिली. एकट्याने विमान चालवणाऱ्या वैमानिकावर रात्री कमी उंचीवर याचा किती ताण पडेल, हा विकासकाळातील वादाचा मुख्य मुद्दा होता. एफ-१५ई या विमानात हे काम मागे बसलेल्या शस्त्रप्रणाली अधिकाऱ्याकडे सोपवता आले.

युद्धातील वापर

आखाती युद्ध (१९९१)

१७ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्धातील हवाई मोहीम सुरू झाली, तेव्हा लक्ष्यवेध पॉडचे उत्पादन पुरेसे झालेले नव्हते. एफ-१५ई विमानांना ते मोजक्याच संख्येने मिळाले, तर एफ-१६ विमानांना केवळ दिशादर्शन पॉडवर भागवावे लागले. सुरुवातीच्या हल्ल्यांत एफ-१५ई विमाने कमी उंचीवरून गेली. इराकच्या विमानविरोधी तोफांचा मारा आणि पहिल्या काही दिवसांतील दोन विमानांची हानी यांनंतर ती मध्यम उंचीवरून हल्ले करू लागली. ज्या कमी उंचीवरील उड्डाणासाठी प्रणाली आखली होती, ते उड्डाणच अशा रीतीने मागे पडले. अवरक्त कॅमेरा व लेसर मात्र उंचावरूनही उपयोगी ठरले.

इराकी सैन्याने आपले रणगाडे वाळूत पुरून ठेवले होते. दिवसा ते वरून दिसणे कठीण असे. परंतु वाळू आणि पोलाद वेगवेगळ्या गतीने तापतात व निवतात. त्यामुळे रात्री अवरक्त संवेदकात रणगाडे भोवतालच्या वाळूपासून वेगळे उठून दिसत. फेब्रुवारीमध्ये पेव्ह टॅक असलेल्या एफ-१११एफ विमानांनी व पाठोपाठ लँटर्न असलेल्या एफ-१५ई विमानांनी प्रत्येक रणगाड्यावर ५०० पौंडांचा एकेक लेसर-मार्गदर्शित बॉम्ब टाकण्यास सुरुवात केली. वाळूचे आच्छादन रात्री असे निरुपयोगी ठरले.

स्कड क्षेपणास्त्रांच्या फिरत्या वाहनांचा शोध हे दुसरे काम होते आणि त्यात यश आले नाही. युद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने करविलेल्या सविस्तर पाहणीनुसार, गस्तीवरील विमानांना क्षेपणास्त्र उडताना प्रत्यक्ष दिसल्याच्या ४२ प्रसंगांपैकी केवळ ८ वेळा शस्त्र टाकण्याइतपत लक्ष्य सापडले. वाहने काही मिनिटांत जागा सोडत. त्याशिवाय इराकने हुबेहूब नकली वाहने उभी केली होती आणि रस्त्यांवर इतर मालमोटारींची वर्दळही होती. पडद्यावर उष्ण ठिपका दिसे; तो नेमका कशाचा, हे ठरवता येत नसे.

नंतरचे वापर

१९९५ मध्ये बॉस्नियातील आणि १९९९ मध्ये युगोस्लाव्हियातील नाटोच्या हवाई मोहिमांत लँटर्नचा वापर झाला. अमेरिकी नौदलाने एफ-१४ विमानांवर केवळ लक्ष्यवेध पॉड बसवला. त्यात उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय जोडल्याने लक्ष्याचे स्थान अधिक अचूकपणे कळू लागले. १९९६ पासून नौदलात आलेल्या या सुधारणेमुळे, मूळचे हवाई संरक्षणासाठी बांधलेले एफ-१४ विमान २००६ मध्ये सेवानिवृत्त होईपर्यंत जमिनीवरील हल्ल्यांसाठीही वापरले गेले. मित्रराष्ट्रांसाठी पाथफाइंडर आणि शार्पशूटर या नावांनी निर्यातीच्या आवृत्त्या तयार करण्यात आल्या.

मर्यादा

अवरक्त संवेदक 'सर्व हवामानांत' चालतो, हा समज चुकीचा आहे. दाट ढग, धुके व जोराचा पाऊस अवरक्त प्रारण अडवतात. दमट हवेत त्याचा पल्ला घटतो. लेसर किरणही ढगातून पार होत नाही. म्हणूनच पुढे उपग्रहाच्या साहाय्याने मार्गक्रमण करणारे बॉम्ब लेसर-मार्गदर्शित बॉम्बच्या जोडीला आले.

दुसरी मर्यादा दिनमानाशी निगडित आहे. सकाळी सूर्योदयानंतर आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास वस्तू व तिची पार्श्वभूमी यांची तापमाने काही काळ सारखी होतात. तापमानात फरक नसेल, तर चित्रातही फरक दिसत नाही आणि वस्तू पार्श्वभूमीत विरून जाते. याला 'औष्णिक छेदबिंदू' असे म्हणता येईल. दिवसातून दोनदा येणारा हा काळ हल्ल्याच्या नियोजनात लक्षात घ्यावा लागतो.

तिसरी मर्यादा दृष्टिक्षेत्राची आहे. अरुंद दृष्टिक्षेत्रातून पाहणे म्हणजे बारीक नळीतून पाहण्यासारखे असते. लक्ष्य मोठे दिसते, पण त्याच्या आजूबाजूला काय आहे, हे त्याच वेळी दिसत नाही.

ओळखीचा प्रश्न

संवेदकाच्या चित्रावरून वस्तूविषयी तीन पायऱ्यांनी निष्कर्ष काढला जातो. तेथे काहीतरी आहे, हे कळणे ही पहिली पायरी; ते वाहन आहे की माणूस, हे कळणे ही दुसरी; आणि ते नेमके कोणते व कोणाचे वाहन आहे, हे कळणे ही तिसरी. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीपेक्षा अधिक स्पष्ट चित्र लागते. त्यामुळे पहिली पायरी जेवढ्या अंतरावरून साधते, त्याच्या अंशमात्र अंतरावरूनच तिसरी साधते. शस्त्र मात्र बहुधा त्याहून दूरवरून सोडता येते.

या अंतराची किंमत १७ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री दिसून आली. अमेरिकेच्या एका अपाचे हेलिकॉप्टरने रात्रदर्शी अवरक्त संवेदकातून दोन वाहने पाहिली आणि त्यांवर हेलफायर क्षेपणास्त्रे सोडली. ही दोन्ही वाहने अमेरिकी सैन्याचीच होती. त्यात दोन सैनिक ठार व सहा जखमी झाले. हेलिकॉप्टरवर लँटर्न नव्हे, तर स्वतंत्र प्रणाली होती. परंतु तत्त्व तेच होते. संवेदकात बिघाड नव्हता आणि नेमही चुकला नव्हता. वाहने कोठे आहेत, हे ठरवताना चूक झाली होती आणि उष्णतेच्या चित्रातून ती उघड होण्याजोगी नव्हती. या दुर्घटनेनंतर आपली वाहने ओळखू यावीत म्हणून लुकलुकणारे अवरक्त दिवे तातडीने पुरवण्यात आले.

उत्तराधिकारी प्रणाली आणि भारत

लँटर्नच्या अनुभवातून पुढील पिढीचे पॉड तयार झाले. इस्रायलच्या राफाएल या संस्थेने विकसित केलेल्या लाइटनिंग पॉडमध्ये अवरक्त कॅमेऱ्याबरोबर दिवसा चालणारा टीव्ही कॅमेराही एकत्र बसवण्यात आला. अमेरिकी हवाई दलाने २००१ मध्ये लँटर्नच्या जागी स्नायपर या पॉडची निवड केली. या पॉडमध्ये फिरत्या आरशाऐवजी हजारो सूक्ष्म अभिज्ञातकांचा चौरस पट असल्याने चित्र अधिक स्पष्ट मिळते. एफ-३५ विमानात तर संवेदक बाहेर न टांगता नाकाखाली कायमस्वरूपी बसवलेला आहे.

भारतीय हवाई दलाने लाइटनिंग पॉडचा वापर १९९९ च्या कारगिल युद्धात केला. 'सफेद सागर' या नावाने चाललेल्या त्या मोहिमेत नियंत्रण रेषा न ओलांडण्याचे बंधन होते. शत्रूची ठाणी उंच शिखरांवर, लहान तंबू व बंकर यांच्या स्वरूपात होती. मिराज-२००० विमानांवर लाइटनिंग पॉड आणि लेसर-मार्गदर्शित बॉम्ब यांची सांगड घालण्याचे काम युद्ध चालू असतानाच पूर्ण करण्यात आले. २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवरील ठाण्यावर या पद्धतीने हल्ला झाला. तत्कालीन हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांनी मागून उडणाऱ्या दोन आसनी मिराजमधून तो पाहिला. पुढे ४ जुलै रोजी भारतीय भूदलाने टायगर हिल ताब्यात घेतली.

महत्त्व

लँटर्नमुळे रात्री अचूक हल्ला करण्याची क्षमता निवडक मोठ्या विमानांपुरती न राहता सर्वसामान्य लढाऊ विमानांपर्यंत पोहोचली. अंधाराचा आसरा घेऊन रसद हलवणे, वाळूत रणगाडे पुरून ठेवणे यांसारखे जुने उपाय तिच्यापुढे अपुरे पडले. तिच्या जागी आलेल्या पॉडमध्ये चित्राची स्पष्टता वाढली आणि वस्तू ओळखण्याचे अंतरही वाढले. तथापि पडद्यावरील उष्ण आकृती कोणाची आहे, याचा निर्णय करण्यासाठी जमिनीवरील सैन्याशी संपर्क, गुप्तवार्ता, नकाशावरील स्थानाची खातरजमा आणि संशय असल्यास शस्त्र न सोडण्याचा नियम यांची गरज कायम आहे.